शेरीफ राहू द्या, वायरलेसवर विचारणारं माणूस द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलंय की अमेरिकेत जसा काउंटीचा पोलीस प्रमुख म्हणजे शेरीफ लोक मतदान करून निवडतात तसा आपल्याकडं पण तालुक्याचा पोलीस प्रमुख लोकांनीच निवडून द्यावा, म्हणजे पोलीस खातं पुढाऱ्यांच्या खिशातून बाहेर येईल. पत्र वाचून बरं पण वाटलं आणि थोडं हसू पण आलं. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी मराठवाड्यात, आणि आमचे जावई अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या पश्चिम टोकाला एका खेड्यापाड्याच्या काउंटीत डेप्युटी शेरीफ, म्हणजे शेरीफच्या हाताखालचे पोलीस आहेत. मुलगी तिथल्या छोट्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली, तिथंच त्यांचं जमलं, घरात आधी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, पण पोरगा पोलीस आहे म्हणल्यावर माझं तरी तोंड लगेच सरळ झालं. तर मुलीकडं मुक्कामाला गेलो की मी जावयांच्या गाडीत बसून ड्युटी बघतो. तिकडं त्याला राइड-अलाँग म्हणतात, आधी एका कागदावर सही घेतात की काही बरंवाईट झालं तर आमची जबाबदारी नाही. सही केली की बसा शेजारी, फक्त गाडीतून उतरायचं नाही असं बजावलेलं असतं. म्हणून हे लिहितोय, पिक्चर बघून नाही.

आधी काउंटी म्हणजे काय ते सांगतो, कारण त्या पत्रात काउंटी म्हणजे आपला तालुका असं धरलंय आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. कॅन्सस राज्य महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश, काउंट्या १०५, आणि सगळ्या राज्याची लोकसंख्या ३० लाखाच्या आत. त्यातले पण बरेचसे पूर्वेला कॅन्सस सिटी, विचिटा या बाजूला राहतात. पश्चिमेला नुसतं मोकळं रान. ग्रीली नावाची काउंटी आहे, तिचं क्षेत्रफळ २,००० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत माणसं किती तर १,२८४. आपल्याकडं एवढी माणसं एका बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर असतात. जावयांची काउंटी ही नाही, नाव मुद्दाम लिहीत नाही, पण जात तीच. गहू, मका, आणि बघा गंमत, ज्वारी! अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमधेच होते, तिला तिकडं मायलो म्हणतात, कमरेएवढी ठेंगणी, सगळी मशिनने काढतात आणि भाकरी कुणी करत नाही, जनावरांना घालतात नाहीतर इथेनॉलला जाते. मला तर पहिल्यांदा बघून गलबलून आलं, असो, विषय तो नाही.

एवढ्या रानात एका वेळी रस्त्यावर डेप्युटी किती असतात? रात्रीचा एक. कधी कधी दोन. गावाला स्वतःचे पोलीस असले तर असले, नाहीतर लहान गावं सगळी शेरीफच्याच भरवशावर. हायवेवर राज्याचे ट्रूपर असतात पण त्यांचा एरिया अजून मोठा. म्हणजे जावयांनी मदत मागितली तर पलीकडच्या काउंटीचा डेप्युटी येणार, नाहीतर ट्रूपर, नाहीतर शिकारीचं लायसन तपासणारा गेम वॉर्डन जो कुणी जवळ असेल तो, आणि जवळ म्हणजे अर्धा-पाऊण तास, ते पण गाडी शंभर मैलाने पळवून. आणि त्या राज्यात २०१५ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला बंदूक लपवून बाळगायला परमिट लागत नाही, त्यामुळं कुठल्याही घराचं दार वाजवायचं म्हणजे आत हत्यार आहे असंच धरून वाजवायचं. जावई दारासमोर कधी उभे राहत नाहीत, चौकटीच्या बाजूला उभं राहून वाजवतात. आणि गाडी अंगणात नेऊन लावत नाहीत, थोडी अलीकडंच थांबवून आधी कुत्रं कुठंय ते बघतात. कुत्र्याचं मात्र आपल्यासारखंच, बीटवर फिरलेल्या कुठल्याही हवालदाराला विचारा.

काम काय असतं? लोकांना वाटतं बंदूक, पाठलाग, चोर. मी जे बघितलं त्यात सगळ्यात जास्त काम कागद वाटायचं. कोर्टाचं समन्स, घर खाली करायची नोटीस, नवऱ्याने बायकोजवळ जायचं नाही असा कोर्टाचा हुकूम, हे सगळं डेप्युटी नेऊन हातात देतो. आपल्याकडं दिवाणी कोर्टाचा बेलीफ जे करतो ते पण यांच्याच गळ्यात, बँकेने जप्त केलेल्या शेतीचा लिलाव शेरीफच्या नावाने, थकलेल्या टॅक्सची वसुली शेरीफकडं, काउंटीचं जेल चालवायचं शेरीफने, कैदी कोर्टात न्यायचा-आणायचा शेरीफने. म्हणजे आपला बेलीफ, जेलर, कैदी पार्टी, बीट अंमलदार सगळे एकाच वर्दीत घातले की डेप्युटी तयार होतो.

आणि एक काम असं की त्याचा विचारच मी कधी केला नव्हता. कुणी मानसिक रुग्ण स्वतःच्या जिवाला धोका करून घेईल असं डॉक्टर म्हणाले की त्याला लार्नेड गावी राज्याचं मनोरुग्णालय आहे तिथं पोचवायचं. जाऊन येऊन अर्धी शिफ्ट संपते, आणि तेवढा वेळ काउंटीत मागं एक तरी माणूस उरला तर नशीब. जावई म्हणतात, बाबा, आजारी माणसाला पोलिसाच्या गाडीत मागच्या पिंजऱ्यात बसवून दोन-अडीच तास न्यायचं, त्याने काय गुन्हा केलाय? मी काय सांगणार, ज्याचं कुणी नाही ते शेवटी पोलिसाच्याच गाडीत, इथं काय आणि तिथं काय.

आता एका रात्रीचं सांगतो. धुकं पडलेलं, रात्री दोन-अडीचचा सुमार, रेडिओवर शेरीफ ऑफिसमधली बाई बोलली की हायवेवर जनावरं आलीत. आपल्याला वाटतं जनावरं आली तर आली, हॉर्न वाजवायचा. पण तिकडं बहुतेक अँगस जातीची, काळीकुट्ट, सातशे-आठशे किलोचा एकेक धूड, अंधारात डोळे चमकले तर दिसतात नाहीतर गाडी आदळल्यावरच कळतं. आणि त्या रोडला रात्री भरलेले ट्रक सुसाट जातात. जावयांनी आधी गाडी रोडवर आडवी नाही, तिरकी लावली, सगळे लाल-निळे लाइट चालू, मग मागं थोड्या थोड्या अंतरावर फ्लेअर म्हणजे रोडवर ठेवायच्या जळत्या कांड्या पेटवून टाकल्या म्हणजे ट्रकवाल्याला लांबून कळावं. मग खिशातून एक मळकी वही काढली. त्यात कुठल्या सेक्शनमधे (म्हणजे रानाच्या तुकड्यात) कुणाची जनावरं आणि त्यांचे फोन नंबर पेनाने लिहिलेले. कॉम्प्युटर गाडीत आहे, सगळं आहे, पण ही वही त्यांना आधीच्या एका डेप्युटीने रिटायर होताना दिली. फोन केला, शेतकरी म्हणाला येतो, पण तो येईस्तोवर पाऊण तास. तेवढा वेळ गाडी हळूहळू पुढं-मागं करत, मधेच सायरनचा एक छोटा टोला देत जनावरं कुंपणाकडं रेटायची. एक गाय हटेना. मी काच खाली करून आपल्या पद्धतीने जोरात हुर्र केलं आणि काय सांगू, वळली! जावई म्हणाले हे आमच्या ट्रेनिंगमधे नव्हतं.

ट्रेनिंगवरून आठवलं. तिकडं नवीन डेप्युटीला १४ आठवडे, ५६० तासांचं बेसिक, हचिन्सन शहराजवळ राज्याचं ट्रेनिंग सेंटर आहे तिथं. आणि ते नेमणूक झाल्यापासून वर्षाच्या आत करायचं, म्हणजे काही जण ट्रेनिंगच्या आधीच गाडीत बसतात, जुन्या माणसाबरोबर. आमच्या वेळी आम्हाला पोलीस ट्रेनिंग स्कूलला नऊ महिने होते आणि परेडच परेड. पण त्यांचं एक चांगलं, दरवर्षी ४० तास पुन्हा शिकायला जावंच लागतं, नाहीतर सर्टिफिकेट जातं. आपल्याकडं एकदा भरती झालं की पुढचा कोर्स प्रमोशनच्या वेळी.

आता मी ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं तो मुद्दा. त्या रात्री जनावरांपाशी थांबलो होतो तेव्हा रेडिओवरची ती बाई थोड्या थोड्या वेळाने जावयांचा ड्युटी नंबर पुकारून विचारायची, ठीक आहे का. जावई म्हणायचे ठीक आहे. मला आधी वाटलं काय भानगड आहे, हिला काही काम नाही का. मग कळलं की तो नियम आहे. डेप्युटी कुठं पण थांबला, कुणाची गाडी अडवली, कुणाचं दार वाजवलं, की उतरायच्या आधी रेडिओवर सांगायचं मी अमक्या रोडवर आहे, समोरच्या गाडीचा नंबर हा. बाई ते लिहून घेते आणि वेळ मोठ्याने बोलून दाखवते, म्हणजे रेकॉर्डवर येतं. मग ठरलेली मिनिटं झाली आणि डेप्युटी बोलला नाही की ती विचारते. उत्तर नाही आलं तर परत विचारते. तरी नाही आलं तर मग ती कुणाची परवानगी घेत नाही, शेरीफला झोपेतून उठवते, शेजारच्या काउंटीला कळवते, ट्रूपरला कळवते, सगळे त्या रोडकडं निघतात. एकदा जावई नदीकाठच्या सखल भागात होते, तिथं रेडिओ लागत नाही, दोनदा उत्तर गेलं नाही, वर चढावर आले तर समोरून ट्रूपरची गाडी येताना दिसली. कुणी कुणावर चिडलं नाही. ट्रूपर हात करून परत गेला.

ही बाई कोण? डिस्पॅचर. शेरीफ ऑफिसमधे एका खोलीत बसलेली, रात्री ती पण एकटीच. इमर्जन्सीचा ९११ चा फोन तीच घेते, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आगीचा बंब तीच सोडते (ते पण गावातले स्वयंसेवक, झोपेतून उठून येतात), जेलचे कॅमेरे पण तिच्याच समोर. फोनवर कुणी बाई रडत असते की नवरा मारतोय, एका कानाला ते आणि दुसऱ्या कानाला तिकडं निघालेला डेप्युटी, आणि त्याला सांगायचं की घरात हत्यार कुठल्या खोलीत आहे. पगार डेप्युटीपेक्षा पण कमी. २०२५ च्या मार्च महिन्यात १४ तारखेला गुडलँड गावाजवळ आय-७० हायवेवर धुळीचं वादळ आलं, पुढचं काही दिसेना, ७० च्या वर गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि ८ माणसं गेली, आपल्याकडं पण बातमी आली असेल. त्या भागात नांगरलेली राने आणि वारं सुटलं की हे असं होतं. तशा वेळी रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही, खोलीत बसलेलीनेच सांगायचं असतं कोण कुठं आहे.

आता आपल्याकडचं सांगतो. मी एका दूरक्षेत्राला, म्हणजे ठाण्याच्या लांबच्या चौकीला होतो, ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण कुणाला दुखवायचं नाही आणि आता तिथं सगळे नवीन आहेत. बीटमधे पन्नासच्या आसपास गावं आणि वाड्या-तांडे, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. रात्री कळलं की अमक्या तांड्यावर भांडण झालंय, कोयते निघालेत, की आपण निघायचं, सोबत होमगार्ड मिळाला तर मिळाला. निघताना स्टेशन डायरीला नोंद, परत आल्यावर नोंद. मधल्या वेळात मी कुठं आहे, जिवंत आहे का, हे विचारायचं कुणाच्याही कामात नव्हतं. ठाणे अंमलदार वाईट नव्हता हो, त्याच्यासमोर तक्रारदार, लॉकअपमधला आरोपी, कंट्रोलचा फोन, साहेबांचा फोन. पण 'विचार' असा नियमच नव्हता. बायको घरी जागी असायची, तीच काय ती आमची डिस्पॅचर, आणि तिच्याकडं वायरलेस नव्हता.

आता डायल ११२ आलंय, २०२१ पासून, गाड्या चांगल्या दिल्यात, आत स्क्रीन बसवलाय, गाडी कुठं आहे ते कंट्रोलला दिसतं, हे मी मान्य करतो आणि काम चांगलं आहे. पण ते लोकांना किती मिनिटांत पोचलो ते मोजतं. गाडीतून उतरून पांदीने आत वस्तीवर गेलेल्या माणसाला किती मिनिटं झाली ते कुणी मोजत नाही. गाडी स्क्रीनवर दिसते, माणूस दिसत नाही. आणि समन्स बजावायला एकटा मोटारसायकलवर गेलेला शिपाई तर त्या स्क्रीनवर कधीच नसतो. पोलीस पाटलाचं तर विचारूच नका, १९६७ च्या कायद्याने नेमलेला गावचा माणूस, वाळूच्या ट्रॅक्टरसमोर पहिला उभा तोच राहतो, त्याची खबर कोण घेतो?

निवडणुकीचं पण बोलतो, नाहीतर ते वाचक म्हणतील मुद्दा टाळला. शेरीफ दर चार वर्षांनी निवडून येतो, पक्षाच्या नावावर उभा राहतो. एक फायदा मी डोळ्यांनी बघितला, त्याची बदली कुणी करू शकत नाही. मंत्र्याचा फोन आला म्हणून शेरीफ गडचिरोलीला गेला असं तिकडं होत नाही. हे ऐकून माझ्यासारख्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पण बाकीचं ऐका. डेप्युटीची नेमणूक शेरीफ करतो. निवडणूक लागली की ऑफिसमधलाच एखादा डेप्युटी साहेबाच्या विरोधात उभा राहतो, मग दोन-चार महिने एकाच खोलीत दोन पार्ट्या, एकाच कॉफीच्या मशिनवर कोण कुणाशी बोलतो ते सगळे बघत असतात, आणि रात्री मदतीला हाच त्याला बोलवणार असतो. पैसा मंजूर करतात काउंटीचे कमिशनर, ते पण निवडून आलेले, नवी गाडी पाहिजे तर त्यांच्यापुढं जाऊन बसायचं. आणि हजार-दीड हजार मतदार असलेल्या काउंटीत ज्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडायचं तो शेरीफचा शाळासोबती, त्याच्या घरात मतं पाच. जावई म्हणतात आमचा शेरीफ असल्या बाबतीत कडक आहे, मी बघितला, खरंच कडक आहे, पण ते त्या माणसावर आहे, पद्धतीवर नाही. कॅन्ससमधेच रायली नावाच्या काउंटीत १९७४ पासून शेरीफच नाही, तिथं सगळ्यांनी मिळून एकच पोलीस डिपार्टमेंट केलं. म्हणजे ज्यांच्याकडं ही पद्धत आहे त्यांच्यातल्यांनी पण एका ठिकाणी तिला रामराम केलाय. आपल्याकडं साध्या सोसायटीच्या निवडणुकीत डोकी फुटतात, त्या बंदोबस्ताला मी स्वतः उभा राहिलोय, तिथं उद्या पीआय निवडून द्यायचा म्हणजे बंदोबस्ताला कोण उभं राहणार?

(मुंबईला पण शेरीफ असतो असं कुणी तरी लिहील म्हणून आधीच सांगतो, ते मानाचं पद आहे, इंग्रजांच्या काळापासूनचं, १९८० साली दिलीपकुमार होते. त्याचा पोलिसाशी काही संबंध नाही.)

तेव्हा माझी मागणी लहान आहे आणि तिला निवडणूक लागत नाही, नवीन कायदा पण लागत नाही, घटकप्रमुखाने, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाने, एक परिपत्रक काढलं तरी होईल. रात्री आठ ते सकाळी सहा, ठाण्याच्या बाहेर एकट्याने किंवा दुकट्याने गेलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो शिपाई असो, होमगार्ड असो, तक्रारीवर गेलेली महिला अंमलदार असो, ठाणे अंमलदाराने ठरलेल्या वेळाने वायरलेसवर नाहीतर मोबाइलवर विचारायचं आणि डायरीत टिपायचं. दोनदा उत्तर नाही आलं तर तिसऱ्यांदा विचारत बसायचं नाही, जवळची ११२ ची गाडी तिकडं वळवायची, आणि नंतर तो चहा पीत बसलेला सापडला तरी गाडी वळवणाऱ्याला मेमो द्यायचा नाही. हे शेवटचं वाक्य परिपत्रकात पाहिजेच पाहिजे, नाहीतर कुणी वळवणार नाही, मी खात्यात होतो, मला माहीत आहे. त्यासाठी रात्री ठाण्यात अंमलदाराच्या जोडीला एक माणूस जास्तीचा लागेल. तेवढी भरती करा. रेंज नसलेली गावं कुठली ते प्रत्येक बीट अंमलदाराला तोंडपाठ असतं, त्याची यादी करून भिंतीवर लावा, खर्च एका कागदाचा.

जावयांच्या वहीसारखी एक वही माझ्याकडं पण होती, कुठल्या वाडीवर कुणाचं ऐकतात, कुठल्या नाल्याला पावसाळ्यात पाणी येतं, कुणाकडं रात्री ट्रॅक्टर मिळेल. रिटायर होताना ती घ्यायला कुणी मागितली नाही. अजून कपाटात आहे. माझ्या जुन्या ठाण्यातल्या कुणाला पाहिजे असेल तर येऊन घेऊन जावी, फोन नंबर निम्मे बदलले असतील पण नाले तेच आहेत.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, जि. हिंगोली
(कृपया नाव छापू नये, जावई अजून नोकरीत आहेत)